सात की सतरा

शेजारणीच्या ॲल्युमिनियमच्या शिडीची एक पायरी निखळली, तेव्हा ती शिडी खांद्यावर घेऊन सरळ दाजींच्या दारात येऊन उभी राहिली. "तुम्ही वेल्डर ना? मग एवढा एक टाका मारून द्या." दाजी दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून त्यांनी तिला समजावलं, की आपण आता तसलं वेल्डिंग करत नाही. आपलं मशीन अकरा टनांचं आहे, ते कारखान्यात जमिनीला बोल्टांनी जखडलेलं आहे, आणि त्याच्याखाली ही शिडी धरली तर तिचा चेंदामेंदा होईल. शेजारणीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग उद्या आणून देऊ का?"

असं आठवड्यातून एकदा तरी व्हायचं. कुणी फाटकाचा कोयंडा आणायचं, कुणी सायकलची दांडी. दाजी समजावून समजावून थकले होते. बावीस वर्षं त्यांनी आगीचं वेल्डिंग केलं होतं. त्याच्या खुणा म्हणून बाह्यांना बारीक बारीक भोकं होती आणि डोळे कायम चुरचुरत असायचे. मग दहा वर्षांपूर्वी कारखान्यात हे मशीन आलं आणि ते दाजींच्या हाती दिलं गेलं. त्यात ना ठिणगी, ना धूर, ना काळी काच. दोन पट्ट्या कडेला कड लावून टेबलावर जखडायच्या. अंगठ्याएवढी एक टणक पिन गरगर फिरत वरून त्या फटीत घुसते. घासून घासून धातू तापतो, मऊ होतो, पण वितळत मात्र नाही. पिन दोन्ही कडा एकमेकींत कालवत पुढे सरकत जाते, आणि तिच्यामागे बारीक वळ्यांची एक सपाट पट्टी उरते.

"वितळत नाही हो, मळलं जातं," दाजी पाहुण्यांना हातवारे करून सांगायचे.

"म्हणजे ड्रिल," पाहुणे म्हणायचे.

"एवढं मळता येतंय तर जरा इकडे या, कणीक राहिलीय," आतून बायको म्हणायची, आणि पाहुणे हसायचे. दाजींना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कधी कळलं नाही.

'दाजी' हे काही त्यांचं नाव नव्हे. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच शब्द टाकून आपल्या मेहुण्याला कारखान्यात चिकटवला. पहिल्याच दिवशी त्याने शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाळी दिली, "ओ दाजी!" झालं. त्या दिवसापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना दाजी म्हणू लागले. "एवढ्या सगळ्यांच्या बहिणींशी मी लग्न केव्हा केलं?" असं ते करवादायचे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मेहुण्यालाही कारखान्याने नाव दिलं होतं, शिट्टी. काम करताना तो सतत शिट्टी वाजवायचा, तीही धड एका गाण्याची नाही. दाजींच्या मते त्याचा हात बरा होता, पण डोकं जागेवर नसायचं. चहाचा ग्लास तो मशीनच्या पॅनेलवर ठेवायचा. बोल्ट आवळायचे पाने वापरून झाले की जिथे असतील तिथेच सोडायचा. आणि काही विचारलं की उत्तराची सुरुवात ठरलेली असायची, "ते कसंय ना दाजी, म्हणजे..." त्या 'म्हणजे'च्या पुढे काय असतं ते ऐकायला दाजी कधी थांबले नाहीत. सकाळची पाळी दाजींची, दुपारची शिट्टीची. दोघांची गाठ रोज दहा मिनिटांची, आणि तेवढ्या दहा मिनिटांत दाजींचा पारा चढायचा तो घरी पोहोचेपर्यंत उतरायचा नाही.

त्या वर्षी कारखान्याला बोटींच्या पट्ट्यांचं काम मिळालं. बोटीचं खालचं अंग स्टीलचं असतं आणि वरची केबिन, हलकी राहावी म्हणून, ॲल्युमिनियमची. हे दोन धातू आगीने एकमेकांना जोडू गेलं तर जोड काचेसारखा तडकतो. म्हणून मध्ये एक पट्टी बसवतात, जिची अर्धी रुंदी स्टीलची आणि अर्धी ॲल्युमिनियमची. ती पट्टी जोडायची दाजींच्या मशीनवर. काम मोठं नाजूक. पिन जवळजवळ सगळी ॲल्युमिनियममधूनच न्यायची, स्टीलची कड फक्त खरवडायची. शिवाय कुठला धातू कुठल्या बाजूला, हेही सांभाळायचं. पिन फिरते आणि चालतेही. एका बाजूला तिचं फिरणं तिच्या चालण्याच्या दिशेने होतं, दुसऱ्या बाजूला उलटं. पहिलीला दाजी चढती म्हणायचे, दुसरीला उतरती. स्टील चढतीला, ॲल्युमिनियम उतरतीला, हे त्यांनी शेडमधल्या प्रत्येकाकडून घोकून घेतलं होतं. उलट झालं तर जोड वरून झकास दिसतो, पण आत दोन धातू नुसते एकमेकांना टेकून उभे असतात. एक्स-रेमध्येही ते दिसत नाही.

आणि नेमकी अशीच एक पट्टी परत आली. बोटीवर बसवताना ती हातभर उकलली होती. बोट अजून पाण्यात उतरली नव्हती म्हणून थोडक्यात निभावलं.

पट्टी साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. प्रत्येक कारागीर आपल्या जोडाच्या टोकाशी हातोडीने आपला आकडा ठोकतो, पोलादी ठशाने. दाजींचा आकडा ७, शिट्टीचा १७. परत आलेल्या पट्टीचं टोक बोटवाल्यांनी ग्राइंडरने घासलं होतं. तिथे फक्त ७ शिल्लक होता आणि त्याच्या आधीची जागा चकचकीत घासलेली होती.

"सतरा," साहेब म्हणाले. "पुढचा एक घासला गेलाय." साहेब दाजींपेक्षा वीस वर्षांनी लहान होते आणि त्यांना सगळं पटकन कळायचं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. दाजींनीही डोलावली, आणि त्यांच्याकडे तर पुरावा होता. दीड महिन्यापूर्वी एकदा सकाळी ते पाळीवर आले, तेव्हा शिट्टीने आदल्या दिवशी केलेली शेवटची पट्टी अजून टेबलावरच जखडलेली होती, आणि तिचं स्टील चुकीच्या बाजूला होतं. टेबलाच्या डाव्या काठावर दाजींनी स्वतःच्या हाताने लाल रंगात ठळक 'स्टील' असं लिहून ठेवलं होतं. लिहिलं होतं तेही याच्यामुळेच. आणि याचं स्टील उजवीकडे! त्या दुपारी शिट्टी आल्या आल्या दाजींनी त्याला टेबलापाशी उभं केलं.

"वाच. काय लिहिलंय?"

"स्टील."

"मग?"

"ते कसंय ना दाजी, म्हणजे..."

"म्हणजेबिणजे काही नाही. बरं म्हण आणि लिहिलंय तसं लाव."

"बरं, दाजी."

साहेबांच्या कानावर त्यांनी हे घातलं नव्हतं. बायकोच्या तोंडाकडे बघून पोटात ठेवलं होतं. आता ते पोटातून बाहेर काढायचीही गरज उरली नव्हती, कारण साहेबांनी परस्परच ठरवून टाकलं, की शिट्टीला मशीनवरून काढायचं आणि पॅकिंगला टाकायचं, कायमचं. खोक्यांना पट्ट्या मारत बसू दे म्हणावं.

"तुम्हाला चालेल ना, दाजी? तुमचे घरचे आहेत म्हणून विचारतो."

"चालेल," दाजी म्हणाले.

संध्याकाळी घरी बायकोला आधीच कळलेलं होतं. भावाचा फोन येऊन गेला होता.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलणार? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"त्याला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय?"

तिने ताट त्यांच्यापुढे जरा जोरातच ठेवलं. "अहो, पंधरा वर्षं तो तुमच्या हाताखाली आहे. त्याचं एक तरी काम तुम्हाला पसंत पडलंय?"

"पडण्यासारखं असतं तर पडलं असतं."

त्यानंतर तिने अबोला धरला. जे सांगायचं ते भिंतीला सांगू लागली. "गॅस संपलाय म्हणावं." "पाहुणे येणार आहेत म्हणावं." दोन दिवस दाजींनी हे सोसलं. खरं तर ते स्वतः वैतागले होते त्याचं कुणाला काहीच नव्हतं. याला नोकरीला लावायचं त्यांनी, शिकवायचं त्यांनी, याच्या चुका झाकायच्या त्यांनी, आणि वर घरात गुन्हेगार कोण, तर तेच. तिसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले आणि म्हणाले, ठेवलेले तुकडे वाकवून बघा. एकदा कागदावर येऊ दे, म्हणजे घरी दाखवता येईल.

प्रत्येक पट्टीच्या टोकाचा तळव्याएवढा तुकडा कापून, त्यावर आकडा ठोकून, तारखेसह चाचणीच्या खोलीत ठेवलेला असतो. ती खोली एका बाईंच्या ताब्यात होती. जाड भिंगांचा चष्मा, बारीक आवाज, आणि काम काय, तर लोकांनी जीव ओतून जोडलेलं दाबयंत्राखाली वाकवून बघायचं. जोड चांगला असेल तर तो ठरलेल्या कोनापर्यंत मुकाट वाकतो. नसेल तर उकलतो. बाई दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्याने वहीत लिहायच्या.

परत आलेली पट्टी ज्या तीन दिवसांच्या मालातली होती, त्या दिवसांतले शिट्टीचे अठरा तुकडे होते. साहेब आले, दाजी आले, शिट्टीही कोपऱ्यात उभा राहिला. आज तो शिट्टी वाजवत नव्हता. बाईंनी पहिला तुकडा दाबला. वाकला, उकलला नाही. दुसरा, तिसरा, सातवा, बारावा. अठराव्यानंतर बाईंनी पेन खाली ठेवलं. "एकही नाही."

"मग बोटवाल्यांनीच बसवताना जास्त तापवली असणार," साहेब म्हणाले. "चला, विषय संपला. तू मशीनवरच राहा रे." आणि ते पुढच्या मीटिंगला निघून गेले.

दुसऱ्या कुणालाही बरं वाटलं असतं. घरात शांतता, मेहुण्याची जागा शाबूत, कारखान्याचं नाव साफ. दाजींचं मात्र डोकं सणकलं. स्टील चुकीच्या बाजूला लावलेलं त्यांनी स्वतः पाहिलं होतं, आणि तो जोड टिकतो? मग इतकी वर्षं ते घसा कोरडा करत होते ते कशासाठी?

"तुमचं यंत्र बिघडलंय, बाई."

"गेल्याच आठवड्यात तपासून घेतलंय."

"मग माझा एक तुकडा घ्या. सरळ लावलेला जोड कसा वाकतो ते यालाही दिसू दे."

"साहेबांनी तुमचे सांगितले नव्हते."

"मी सांगतोय ना!"

बाईंनी त्याच दिवसांतला, ७ आकड्याचा एक तुकडा काढला आणि दाबला. अर्ध्यावरही गेला नसेल, तोच 'टक्' असा बारीक आवाज झाला. तुकड्याचे दोन तुकडे झाले. दाजींनी स्टीलचा भाग उचलून बघितला. कड स्वच्छ होती. ॲल्युमिनियम तिला कधी चिकटलंच नव्हतं.

"आणखी एक," दाजी म्हणाले. तोही उकलला. तिसराही.

बाईंनी वहीची जुनी पानं उलटली. "या तारखांना मशीनचा दाराकडच्या टोकाचा सेन्सर बंद होता ना? तीन दिवस. पिन खाली उतरत नव्हती म्हणून तुम्ही लोक भिंतीकडून सुरुवात करत होतात. हे बघा, नोंद आहे."

दाजी त्या नोंदीकडे बघत राहिले. रोज पिन दाराकडून भिंतीकडे चालायची. ते तीन दिवस ती भिंतीकडून दाराकडे चालली होती. पिन उलट चालली की चढती बाजू उतरती होते आणि उतरती चढती. बाजू टेबलाची नसते, पिनच्या चालीची असते, हे त्यांनीच शेडभर शिकवलं होतं. आणि ते तीन दिवस त्यांनी स्वतः, आपल्याच हाताने लिहिलेली ती लाल अक्षरं वाचून, स्टील डावीकडेच लावलं होतं. 

"हेच सांगत होतास का तू त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"ते कसंय ना दाजी, म्हणजे..." शिट्टी बोलता बोलता सवयीने थांबला.

"सांग. पूर्ण सांग."

"म्हणजे पिन उलटी चालत होती, म्हणून मी स्टील उजवीकडे लावलं. तुम्हीच शिकवलंय. तुम्ही ओरडलात त्या दुपारपर्यंत सेन्सर सुरू झाला होता, म्हणून नुसतं बरं म्हटलं."

"मग माझं चुकतंय हे नीट सांगता येत नव्हतं?"

"मला वाटलं, तुम्ही पिनचं फिरणंच उलटं करून घेतलं असेल. मग स्टील डावीकडेच बरोबर." त्याने खांदे उडवले. "तुम्ही चुकाल असं डोक्यात कसं येणार, दाजी?"

 बाईंनी पेन उघडलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "काय लिहू?"

तेवढ्यात शिट्टी खोलीच्या टोकाला गेला आणि ठशांच्या पेटीपाशी काहीतरी खुडबुड करून परत आला. त्याच्या एका हातात लहान हातोडी होती आणि दुसऱ्या हातात '१' चा ठसा.

"पुढे एक मारला की सतरा होतंय," तो हळूच म्हणाला. "माझ्या त्या अठरांचं काय, वहीतलं एक पान फाडलं की झालं. साहेबांनी आधी ठरवलंच होतं ना, मला पॅकिंगला चालेल. तुमचं नको, दाजी. बत्तीस वर्षांत तुमचा एक जोड उकललेला नाही."

खरं सांगायचं तर, दाजींनी तुकड्यावरच्या त्या सातच्या आधीच्या जागेकडे बघितलं. एक मावण्याएवढी जागा तिथे होती. बाईंनीही ती बघितली असणार, कारण त्या एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या. एवढा वेळ बघितलं याची दाजींना अशी काही लाज वाटली, की ती सगळी त्यांच्या तोंडून रागानेच बाहेर आली.

"अरे गाढवा! अक्कल कुठे गहाण ठेवलीस? अठरा जोड चांगले करून दाखवलेस आणि ते फाडून टाकायला निघालास? कुणी सांगितलं तुला? ठेव ती हातोडी! ठेव म्हणतो ना!" त्यांनी ती त्याच्या हातातून हिसकावूनच घेतली. "सात लिहा, बाई. माझे सगळे वाकवा."

दाजींचेही अठराच तुकडे होते, त्यांतले सोळा उकलले. दोन कसेबसे तगले, ते का, हे कुणालाच सांगता आलं नाही.

"दाजी, विषय संपला होता हो," साहेब कपाळाला हात लावून म्हणाले. पण पट्ट्या परत मागवाव्याच लागणार होत्या. दोन बोटी पुढच्याच आठवड्यात पाण्यात जायच्या होत्या. बोटवाल्यांना फोन दाजींनीच केला. पलीकडचा माणूस पाच मिनिटं अद्वातद्वा बोलला आणि दाजींनी ते ऐकून घेतलं. शिक्षा म्हणून नव्हे, नियम म्हणून त्यांचा ठसा काढून घेण्यात आला. तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा. तोवर मशीन फक्त सकाळच्या पाळीत चालणार, शिट्टीच्या हाती, आणि दाजी त्याच्या हाताखाली.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. हातोडीचंही सांगितलं. तिचा अबोला तिथेच सुटला.

"मग त्याला म्हणालात?"

"काय?"

"की तुझं बरोबर होतं."

"त्याला माहीतच आहे ते. अठरा तुकडे वाकलेले त्याने बघितलेत."

"माहीत असतं," ती म्हणाली, "तर हातोडी आणली असती का त्याने?"

यावर दाजींनी वर्तमानपत्र उघडलं. एकच पान ते बराच वेळ वाचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी पट्ट्या पुसून दिल्या, कडा साफ केल्या, आणि सांगितलं नव्हतं तरी पानेही जागेवर लावून ठेवले. शिट्टीने स्टील चढतीला लावलं, ॲल्युमिनियम उतरतीला. क्लॅम्प आवळले. पिन वर आणून फटीच्या तोंडाशी धरली, केसभर ॲल्युमिनियमकडे सरकवली. सगळं असायला हवं तसं होतं. मग बटणावर बोट ठेवून तो थांबला. काही केल्या बटण दाबेना. शेवटी मान वळवून म्हणाला, "दाजी, एकदा बघता का जरा?"

दाजी वाकले. त्यांनी पिन बघितली, फट बघितली, दोन्ही कडा बोटाने चाचपल्या. पंधरा वर्षांत त्यांनी या माणसाच्या हातचं असं पुरतं कधी बघितलं नव्हतं. त्यात खोट काढायला काहीच नव्हतं.

"बरोबर आहे!" ते म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी त्याला आजवर कधी म्हटले नव्हते, त्यामुळे ते नेहमीच्याच आवाजात बाहेर पडले, सगळी शेड वळून बघेल एवढ्या मोठ्याने.

शिट्टी दचकला. त्याने बटणावरचं बोट काढलं आणि पहिल्या क्लॅम्पपासून सगळं पुन्हा तपासायला सुरुवात केली.